लालबागची थंडी आणि मिरचीचा ठसका

मुंबईत थंडी असते का, असं विचारणाऱ्याला माघातल्या एखाद्या सकाळी लालबागच्या नाक्यावर उभं करावं. चहाच्या टपरीपाशी कानटोपी घातलेले काका, चाळीच्या गॅलरीत उन्हाची तिरीप धरून बसलेल्या आजी, आणि कुठून तरी येणारा भाजलेल्या धण्यांचा वास. ही थंडी जेमतेम दीड-दोन महिन्यांची. पण तिच्याभोवती किती गोष्टी गुंफलेल्या आहेत!

आधी आकडे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मुंबईचा हा नीचांक आजही कायम आहे. उलट २५ फेब्रुवारी १९६६ रोजी तिथेच तो ३९.६ वर चढला. सगळा खेळ वाऱ्याचा. उत्तरेकडून कोरडं वारं आलं की रात्री गार पडतं. दुपारी समुद्रावरचा वारा सुटायला उशीर झाला की फेब्रुवारीतच घामाच्या धारा. म्हणून सकाळचा स्वेटर दुपारी पिशवीत जातो.

राणीबागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनचा कक्ष वर्षभर १६ ते १८ अंशांवर ठेवतात. म्हणजे जानेवारीतल्या चांगल्या गार पहाटे लालबागकर जवळपास पेंग्विनच्याच हवेत दूध आणायला निघतो!

सर्वांत लहान दिवस डिसेंबरचा, पण मुंबईत सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमारास. आता १९०६ चा जानेवारी आठवा. देशभर एकच प्रमाणवेळ आली आणि घड्याळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे गेलं. ज्यांना भोंग्याबरोबर गिरणीच्या दारात हजर व्हायचं, त्यांना ऐन थंडीत, अंधारात, तेवढंच आधी उठणं आलं. हजारो गिरणी कामगार त्याविरुद्ध खवळून उठले. मला त्यांचा राग अगदी पटतो. महापालिकेनं तर त्यानंतरही कित्येक वर्षं जुनी मुंबई वेळ सोडली नाही.

गिरणीच्या आत मात्र थंडीला थारा नव्हता. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यांमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवत. बाहेर कुडकुडत आलेला कामगार आत जाताच घामानं भिजायचा.

याच ऋतूची एक गंभीर आठवण परळला आहे. प्लेगचा जोर थंडीत आणि तिच्या सरतीला वाढायचा. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तीच आजची हाफकिन संस्था, लालबागपासून हाकेच्या अंतरावर.

आणि शिवडीची खाडी? ओहोटीला चिखलावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा पसरतो. तो रंग त्यांच्या खाण्यातला, शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून आलेला. लांब जायला नको, सकाळी भरती-ओहोटीची वेळ बघून निघावं.

पण लालबागचा खरा वसंत मसाला गल्लीत येतो. कारण सरळ आहे: मिरचीचं नवं पीक बाजारात येतं तेच जानेवारीपासून. बेडगी येते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातून. रंगाला गडद, तिखटाला सौम्य. तिच्यातून काढलेला रंग लिपस्टिकमध्येही वापरतात आणि २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. झणका हवा तर संकेश्वरी किंवा लवंगी. बेडगी आणि झणक्याची मिरची यांचं प्रमाण किती, यावर सासू-सुनांची दुकानासमोर उभ्यानं चर्चा चालते. मालवणी, आगरी, कोळी, घाटी, प्रत्येक घराची यादी वेगळी: धणे, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, त्रिफळ, मायपत्री, शहाजिरं, हळकुंडं. डोंबिवली-विरारला राहायला गेलेल्या लेकीही मसाल्यासाठी इथेच येतात, आणि पिशव्या सांभाळत डंकापाशी नंबर लावतात. डंकावर मसाला कुटला जातो, दळला जात नाही. तो फार तापत नाही, म्हणून वासाचं तेल त्यात टिकतं. माझ्या मते चवीचा सगळा फरक इथेच पडतो. ठसका लागला तर पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ताक प्या.

जायचं तर शिमग्याच्या आधी जा. कोकणातली मंडळी गावची पालखी नाचवायला निघण्यापूर्वी मसाला उरकायच्या घाईत असतात, पण त्या गर्दीत नवा माल भरपूर असतो. मिरची हातात घेऊन मोडून बघा. कट्कन तुटली तर घ्या. नुसती वाकली तर तिच्यात ओल आहे, मसाल्याला बुरशी धरेल. घरी आल्यावर मसाला पूर्ण गार होऊ द्या, कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे दोन-तीन खडे ठेवा.