वेंगुर्ले खडकांवरील पाकोळ्या

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात वेंगुर्ले खडक नावाची लहान लहान बेटे आहेत. तेथे दीपगृह आहे. परंतु कायमची मनुष्यवस्ती नाही. समुद्र शांत असता होडीने जाऊन सायंकाळच्या आत परतता येते. दुरून ही बेटे उजाड भासतात. जवळ जाताच कड्यांभोवती पक्ष्यांची लगबग दिसू लागते.

येथील गुहेत भारतीय पाकोळी घरटी बांधते. ती चिमणीहूनही लहान असते. गाढ अंधारात ती तोंडाने टकटक असा आवाज काढते व त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. खडकाला लाळेचे थरावर थर लावून ती वाटीसारखे घरटे तयार करते. त्यात बहुधा दोनच अंडी असतात.

पूर्वेकडील काही देशांत या घरट्यांचे सूप करतात. त्यांना मोठी किंमत येत असल्याने येथील घरटी चोरून नेण्याचे प्रकार घडले. घरटे खरवडले की अंडी व पिले नष्ट होतात आणि पाकोळीला पुन्हा कित्येक दिवस लाळ खर्ची घालावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यास संरक्षण दिले आहे.

सहल नेताना शिक्षकांनी मुलांना गुहेत शिरू देऊ नये. होडीतूनच निरीक्षण करवावे. परतल्यावर चिमणी, सुगरण व पाकोळी यांची घरटी कशाची असतात, हे मुलांकडून आकृत्यांसह लिहून घ्यावे.