पक्षादेशाविना मोर्चेबांधणी : राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे अखेरचे दिवस

मुळशी तालुक्यातील मुठा खोऱ्यात जुलै महिना हा भाताच्या आवणीचा, म्हणजे रोपे उपटून चिखलात पुन्हा लावण्याचा असतो आणि १९८२ पासून राष्ट्रपतिपदाचे मतदानही याच महिन्यात होत आले आहे. तरीही या निवडणुकीच्या अखेरच्या दिवसांत मुठा गावात ना सभा होते, ना भोंगा फिरतो. कारण मत देतात ते खासदार आणि आमदार. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर मुळशी तालुका भोर विधानसभा आणि बारामती लोकसभा मतदारसंघांत मोडतो. त्यामुळे गावाचा कौल या दोन प्रतिनिधींमार्फतच पोहोचतो. महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य, म्हणजे त्याच्या एका मताचे वजन, १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतील ५,०४,१२,२३५ या लोकसंख्येला २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागून ते काढले जाते.

मतदान गुप्त असते, पक्षाला व्हिप म्हणजे मतदानाचा बंधनकारक आदेश काढता येत नाही आणि मतदाराला उमेदवारांपुढे १, २ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. म्हणून या निवडणुकीतील अखेरची धावपळ नवी मते मिळवण्याइतकीच असलेली मते टिकवण्यासाठी आणि दुसऱ्या पसंतीची बेगमी करण्यासाठी असते.

१९६९ मध्ये हे सर्वांत लख्ख दिसले. झाकिर हुसेन यांच्या निधनाने पद रिकामे झाले, काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली, पण पंतप्रधान इंदिरा गांधींचा कल अपक्ष व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे होता. तिसरे प्रमुख उमेदवार मराठी होते : महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख. एवढ्या योग्यतेच्या माणसाची उमेदवारी मात्र उभी राहिली ती स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या बळावर, आणि तिचे खरे मोल ठरले ते तिच्यामागच्या दुसऱ्या पसंतीत. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी ती दुसरी पसंती याच दोन पक्षांकडे मागितली. इंदिरा गांधींच्या गटाने त्यावरच बोट ठेवले आणि मतदान तोंडावर आले असता सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची हाक दिली. त्याच सुमारास रेड्डींची बदनामी करणारे एक पत्रक खासदारांमध्ये वाटले गेले, ज्यावरून झालेल्या खटल्यात पुढे राष्ट्रपती गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीला हजर राहिले.

१६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतके मतमूल्य मिळाले. कोणालाच निम्म्याचा टप्पा गाठता आला नाही. बाद उमेदवारांच्या मतपत्रिका पसंतीप्रमाणे वाटल्या गेल्या, तेव्हा रेड्डींच्या पारड्यात सुमारे ९२ हजार आणि गिरींच्या पारड्यात जेमतेम साडेअठरा हजार पडले. निजलिंगप्पांची मोर्चेबांधणी फळली होती, पण ती अपुरी पडली, कारण खिंडार त्यांच्याच पक्षात होते. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले आणि वर्ष सरण्याआधी काँग्रेस दुभंगली.

त्यानंतरच्या निवडणुकांत इतकी चुरस उरली नाही, तरी महाराष्ट्रापुरते सांगायचे तर युती-आघाडीची चौकट ओलांडण्याचे धाडस शिवसेनेने वारंवार दाखवले. २००७ मध्ये भाजपशी युती असताना बाळासाहेब ठाकरे यांनी त्या पक्षाचा पाठिंबा असलेल्या भैरोसिंह शेखावत यांना बाजूला ठेवून, महाराष्ट्राची कन्या म्हणून, जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला; १९ जुलैला मतदान झाले आणि पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०१२ मध्ये मतदानाला सहा दिवस उरले असताना सेनेने पाठिंबा दिलेले काँग्रेसचे उमेदवार प्रणव मुखर्जी ठाकरे यांच्या ‘मातोश्री’ या निवासस्थानी गेले. २०२२ मध्ये, पक्ष फुटल्यानंतर काही दिवसांतच, १२ जुलैला उद्धव ठाकरे यांनी भाजपच्या उमेदवार द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला आणि १८ जुलैला एकमेकांचे तोंड न पाहणारे सेनेचे दोन्ही गट विधान भवनात एकाच उमेदवाराच्या बाजूने उभे राहिले. आमदारांच्या हाती गुलाबी मतपत्रिका होती आणि त्यावर आकडा लिहायला निवडणूक आयोगाने दिलेले जांभळ्या शाईचे पेन.