बिंबाभ्रिकांच्या गर्भातील वारा

१८६४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील ज्या हिरवट बिंबाकडे आपला वर्णपटदर्शक वळविला, ते ताऱ्यांचे पुंज नसून विरल वायूचा मेघ, म्हणजेच बिंबाभ्रिका, आहे, एवढा निकाल त्या एका रात्रीत लागला. परंतु त्या मेघाच्या मध्यभागी असलेल्या ताऱ्याचा त्याच्याशी नेमका काय व्यवहार चालतो, हे कळावयास शतकाहून अधिक काळ जावा लागला. तांबड्या राक्षसी ताऱ्याने आपले कवच टाकावे आणि उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याने ते केवळ उजळीत राहावे, अशीच कल्पना तोवर बहुधा रूढ होती.

ती १९७८ साली ढळली. राक्षसी अवस्थेत सेकंदाला दहा-वीस किलोमीटरच्या मंद गतीने वाहून गेलेल्या दाट वायूला गाभ्यातून सुटलेला विरळ पण अतिवेगवान वारा मागाहून गाठतो, आणि त्यालाच पुढे लोटीत अभ्रिकेचे कवच रचतो, असे सन क्वोक व त्यांचे सहकारी यांनी मांडले. आणि अशा वाऱ्याचा प्रत्यक्ष दाखला त्याच वर्षीच्या जानेवारीत सोडलेल्या, जेमतेम ४५ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण वाहणाऱ्या जंबुपार वेधशाळा-उपग्रहाने दिला. मध्यताऱ्यांच्या वर्णपटात आयनीभूत कार्बन-नायट्रोजनच्या रेषांना तांबड्या अंगास उजळ उंचवटा आणि निळ्या अंगास खोल खळगा दिसला. आपल्या दिशेने धावणारा वायू ताऱ्याचा प्रकाश गिळतो, म्हणून तो खळगा पडतो. आणि त्याची दूरची कड जेथे संपते, तेथे वाऱ्याचा परमवेग वाचता येतो. तो निघाला सेकंदाला हजार ते काही हजार किलोमीटर! वर्षाकाठी सूर्याच्या वस्तुमानाचा कोट्यंशही बहुधा खर्ची न घालणाऱ्या ताऱ्याने, निव्वळ आपल्या प्रकाशाच्या रेट्याने आयनांना ढकलून, एवढा वेग साधावा, हे मला या सर्व इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते.

हिशेब मात्र पुरता जुळला नाही. १९९९ साली चंद्रा वेधशाळा अवकाशात गेल्यावर हगिन्स यांच्याच अभ्रिकेच्या पोकळीत क्ष-किरण सापडले. पण कवचावर आदळून तापणाऱ्या वाऱ्याच्या वेगावरून तेथील तापमान दोन कोटी अंशांच्या पुढे असावयास हवे होते, ते वीस लाखांच्या आतच भरले. कवचातील थंड वायू आत मिसळतो, की उष्णता बाहेर वाहून जाते, यावर वाद चालू राहिला. हंस तारकासमूहातील बीडी +३०° ३६३९ या कोवळ्या अभ्रिकेने त्यात महत्त्वाची साक्ष दिली: तिच्या तप्त वायूत कार्बन व निऑन विपुल आढळले, म्हणजे तो वायू कवचातून आलेला नसून बव्हंशी खुद्द मध्यताऱ्याच्या वाऱ्याचाच होता.