लस, अफवा आणि आईबापांची संमती



हा विषय आरोग्यखात्याचा आहे, त्यावर आपण ऐकून काय करावयाचे, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु लस टोचण्याचे काम दवाखान्यात होत असले, तरी ती टोचून घ्यावयाची की नाही, हे घराच्या उंबऱ्याआड ठरते. आणि ते ज्या बोलण्यावरून ठरते, ते बोलणे ओट्यावर, आठवड्याच्या बाजारात, एस. टी.च्या थांब्यावर आणि हल्ली हातातल्या फोनवर चालते. तेव्हा हा विषय दवाखान्याइतकाच गावाचाही आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर तो विशेष जिव्हाळ्याचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथे शंभरांत सुमारे एकोणसत्तर माणसे आदिवासी आहेत. कोणाच्या घरी भिली, कोणाच्या पावरी, कोणाच्या मावची, तर कोणाच्या अहिराणी बोलतात. सरकारी कागद मात्र प्रमाण मराठीत येतो. सातपुड्यातले पाडे विखुरलेले. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या काही पाड्यांना तर दवाखानाच होडीतून जातो. त्यातच हंगामात कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, आणि मुलाची एक लस येथे तर दुसरी चुकलेली, असे होते. अशा मुलखात औषध पोचण्याच्या आधी अफवा पोचते, कारण तिला ना रस्ता लागतो ना बर्फाची पेटी.

लसीची भीती आजची नाही. ती लसीइतकीच जुनी आहे. हिंदुस्थानात देवीची पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर देवी काढावयाच्या, आठवडाभराने फोड भरला की तो फोडून त्यातली लस दुसऱ्या मुलाच्या दंडाला लावावयाची, अशी साखळी चाले. आता विचार करा. आपल्या लेकराचा दुखरा हात पुन्हा उकलून त्यातले द्रव्य परक्याच्या मुलाला द्यावयाचे आणि परक्याचे आपल्या मुलाच्या अंगात घालावयाचे, हे कोणत्या आईला रुचले असते? शिवाय देवी हा रोग नव्हे, मातेचा कोप होय, अशी समजूत होतीच. पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि हा त्रास संपला. पण तोवर विरोध करणारे सारेच अडाणी होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १८७७ साली मुंबईत मुलांना देवी काढणे कायद्याने सक्तीचे झाले. कायद्याने हात पुढे होतो, मन पुढे होतेच असे नाही.

१८९७ सालच्या प्लेगाची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. याच वर्षी पुण्यात प्लेगाच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरांत शिरले, माणसे ओढून नेली, आणि त्या संतापाचा शेवट रँडवरील हल्ल्यात झाला. सरकारची झडती आणि डॉक्टरची सुई या दोन गोष्टी वेगळ्या. पण भेदरलेल्या माणसाला त्या एकाच दारातून येताना दिसल्या. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगाची लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. ती सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला. बाटली गावात उघडताना झालेली हलगर्जी पुढे उजेडात आली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. दोष लसीत नव्हता, हाताळणीत होता. परंतु खरे काय ते कळावयास पाच वर्षे लागली, आणि अफवेला पाच दिवसही लागत नाहीत.

या साऱ्यावरून अफवेची मुळे तीन ठिकाणी सापडतात, असे मला वाटते.

पहिले मूळ योगायोगाचे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरे रोगांवरची लस देतात. हे वय बाळाच्या जिवाला नाजूकच असते. लस दिली नाही तरी या वयात काही बाळे आजारी पडतात. दिली तर त्यांतली काही लसीनंतर आजारी पडणारच. ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. पण दुःखात असलेल्या घराला हा फरक समजावून सांगणे फार कठीण असते. त्यात लसीने ताप येतो हेही खरेच आहे. रोगाची ओळख पटून शरीर प्रतिकाराची तयारी करू लागते, तेव्हा अंग तापते, मांडी सुजते, बाळ रात्रभर रडते. हे आधी सांगितले असेल तर आई म्हणते, “बाई म्हणाल्या होत्या, तसेच झाले.” सांगितले नसेल तर ती म्हणते, “लस बाधली.” ताप तोच, सांगण्याने त्याचा अर्थ बदलतो.

दुसरे मूळ आठवणीचे. लसीने मूल होत नाही, ही अफवा पोलिओच्या वेळी होती, गोवराच्या वेळी होती आणि २०२१ साली करोनाच्या वेळीही होती. शास्त्रदृष्ट्या तिला काडीचा आधार नाही. पण ती आकाशातून पडली नाही. आणीबाणीत १९७६ साली नसबंदीची जी जबरदस्ती झाली, तिची आठवण गरिबांच्या घरांत राहिली. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक त्या साली आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, इतकेच. एकदा विश्वास मोडला की त्याचे व्याज पुढच्या पिढीतल्या निरपराध कामाला भरावे लागते.

तिसरे मूळ लपविलेल्या चुकीचे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांना हात धुण्याचे निर्जंतुक द्रव्य पाजले गेले. मुले बचावली आणि प्रकार जाहीर होऊन कारवाईही झाली. चूक कबूल केली तर लोक घाबरतात, असे अधिकाऱ्यांना वाटते. खरे म्हणजे लोक झाकाझाकीला अधिक घाबरतात.

आता संमतीच्या प्रश्नाकडे वळू. बाळाला कडेवर घेऊन आई लसीला येते तेव्हा तिची संमती तिच्या पावलांतच असते. शाळेतल्या मोहिमेत तसे नाही. तेथे मूल एकटे असते. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील तीन कोटींहून अधिक मुलांना लस द्यावयाची होती. कोठे मुलांना भोवळ आली, आणि त्याच्या तिखटमीठ लावलेल्या बातम्या फोनवरून पसरल्या. एका मुलाला सुईच्या धास्तीने भोवळ आली की रांगेतल्या इतरांनाही येते, ही डॉक्टरांना परिचित गोष्ट आहे; पण घरी बसलेल्या बापाला ती कोण सांगणार? पुढे जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पालकांच्या संमतीवाचून शाळेत अशी लस देता येणार नाही, आणि तिचे संभाव्य परिणामही त्यांना सांगितले पाहिजेत.

आपल्या आश्रमशाळांपुढे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. तेथील मुलांचे आईबाप डोंगरात, नाही तर उसाच्या फडात. मग सही कोणी करावयाची? तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात २००९ साली आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्यात आली. तेव्हा कितीतरी मुलींच्या कागदावर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमतीतला दोष संसदेच्या समितीने २०१३ साली कठोर शब्दांत दाखविला. चांगली लस वाईट रीतीने दिली गेली, आणि बदनाम लस झाली.

याचा अर्थ नकार देणे ही केवळ ज्याची त्याची मर्जी, असा मात्र नाही. गोवर अतिशय संसर्गजन्य आहे. भोवती कोणालाच संरक्षण नसेल तर एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना तो होतो. तो रोखावयाचा तर शंभरांत पंच्याण्णव मुलांना लसीच्या दोन मात्रा मिळाव्या लागतात. ही लस घेण्याचे वय न झालेले नऊ महिन्यांखालचे बाळ शेजाऱ्यांच्या शहाणपणावर जगते. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत आणि मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली. तीत बाधा झालेल्या मुलांपैकी बहुतेकांना लसीच्या मात्रा मिळालेल्या नव्हत्या, आणि काही मुले दगावली. मालेगाव आपल्यापासून लांब नाही.

मग उपाय काय? तो आपल्याच जिल्ह्यात सापडतो. करोनाच्या वेळी सातपुड्यातली माणसे लसीला भीत होती. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः भिल्ल समाजातले आणि शिक्षणाने डॉक्टर. त्या काळात लसीकरणाच्या गाड्या गावोगाव गेल्या आणि समजावण्याच्या कामी शिक्षकांना घेतले गेले. माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या तोंडून सांगितले की भीती उतरू लागते. गावचा पुजारा, भगत यांनाही वगळू नये. त्यांना विरोधक ठरविले की ते विरोधकच होतात.

आशाताई आणि नर्सबाई यांनी प्रत्येक आईला चार गोष्टी सांगावयाच्या असतात: ही लस कोणत्या रोगावर आहे, तिने काय त्रास होऊ शकेल आणि त्याला काय करावे, पुढची लस केव्हा, आणि कार्ड जपून ठेवा. या चार गोष्टींना दोन मिनिटे लागतात. आश्रमशाळेत एवढेच वाढवावे, की मुले सुटीला घरी जातात तेव्हाच कागद त्यांच्याबरोबर द्यावा, आणि पाड्यावर जाऊन तो त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. त्याला समजले, त्याने प्रश्न विचारला आणि मग होकार दिला, ती संमती.

आपण शहरातली माणसे. आपल्या हाती सुई नाही, पण फोन आहे. आलेला निरोप खरा की खोटा हे दवाखान्यात विचारल्यावाचून पुढे न धाडणे, एवढे तरी आपण करू शकतो. आपण गंमत म्हणून धाडलेला निरोप संध्याकाळपर्यंत धडगावच्या घाटापलीकडे पोचतो. आणि तेथे एखादी आई तो ऐकून, निघालेली पावले परत फिरविते. तिच्या कडेवरचे मूल आपल्या ओळखीचे नसेल, पण त्याच्या जिवाची जबाबदारी त्या घटकेपुरती आपल्यावर आलेली असते, हे ध्यानात ठेवून मी आपली रजा घेतो.