नाट्यशिक्षणाचे पहिले शब्द

आमच्या माधवनगरांतील कांहीं मुलामुलींनीं यंदा दिवाळीच्या सुटींत एक लहानसें नाटक बसविण्याचें मनांत घेतलें आणि 'मास्तर, तुम्हीच शिकवा' असा आग्रह धरला. आम्ही कांहीं नट नव्हों. जन्मभर रूपावली घोकवून घेणारे शाळामास्तर. परंतु पहिल्याच संध्याकाळीं दिसून आलें कीं, मुलांचें अडत होतें तें शब्दांपाशीं. एकजण सारखा 'क्यू' 'क्यू' म्हणे. पण क्यू म्हणजे आपण बोलावयाच्या आधींचे दुसऱ्याचे शेवटचे शब्द, हें त्यास ठाऊक नव्हतें. तेव्हां नाटक बाजूस ठेवून आम्ही दोन दिवस शब्दच घेऊन बसलों.

सांगली आम्हांस अगदीं शेजारची. तेथें ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं, श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें, विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें. तोच दिवस आज मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळतात. त्या खेळांत सूत्रधार पदें गाऊन कथानक पुढें नेई आणि पात्रें आपलीं भाषणें जागच्या जागीं रचीत. त्यांस 'नक्कल' लागतच नसे. नक्कल म्हणजे आपल्या वांट्याचीं भाषणें उतरवून घेतलेला कागद. लिखित नाटकांबरोबर हा शब्द नाटकमंडळ्यांत रूढ झाला. 'नक्कल पाठ करा' म्हणतांच मुलें हंसलीं. त्यांना परीक्षेंतली कॉपी आठवली! 'तालीम' म्हणतांच कुस्ती आठवली. शब्द मूळ अरबी, अर्थ शिक्षण. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल उत्तम तालीममास्तर म्हणून गाजले ते याच अर्थानें.

'अभिनय' शब्दांत नी, म्हणजे नेणें, हा धातु आहे. नाटकाचा अर्थ प्रेक्षकांपर्यंत नेऊन पोंचवितो तो अभिनय. नाट्यशास्त्रांत त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक. शरीराच्या हालचाली, वाणी, वेषभूषा, आणि मनांतील भावामुळें येणारे अश्रु, कंप, रोमांच. 'आहार्य' ऐकून सर्वांस जेवण आठवलें. त्यांत त्यांची चूक नाहीं. धातु एकच, आणि आहार्य म्हणजे बाहेरून आणून अंगावर चढविलेलें.

'नेपथ्य' शब्दाची तर मोठीच गंमत. कालिदासाच्या नाटकांत ही सूचना आली कीं, जेथें पात्रें वेष करतात तेथून, पडद्यामागून, आवाज आला असें समजावयाचें. आज मराठींत नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभारलेलें घर, खिडकी, झाड. मागें होतें तें पुढें आलें, आणि वेष करण्याच्या जागेस आतां रंगपट म्हणतात.

'स्वगत' सर्वांस ठाऊक होतें. 'जनान्तिक' कोणासच नव्हतें. इतर पात्रें रंगमंचावर असतां त्यांना ऐकूं जात नाहीं असें मानून दोघांनीं बोलावयाचें तें जनान्तिक. त्यासाठीं अनामिका वांकवून, बाकीचीं बोटें सरळ ठेवून, हात आड धरावयाचा. ही खूण कळल्यावर कुजबुजीचा जो सपाटा सुरू झाला तो आवरतां आवरेना.

पण आमचा सर्वांत अधिक वेळ गेला तो एका साध्या शब्दावर: 'उजवी बाजू'. रंगमंचाची उजवी बाजू ही प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. समोर बसून पाहणाऱ्याची नव्हे. तीस वर्षांपूर्वीं, एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं, आम्ही समोर खुर्चींत बसून एका विद्यार्थ्यास 'उजवीकडून प्रवेश कर' असें सांगितलें होतें. तालमी वर्गांत झालेल्या, आणि तेथें दार एकच. प्रयोगाच्या रात्रीं तो स्वतःच्या उजवीकडून आला. बाकीचीं पात्रें दुसरीकडे डोळे लावून उभीं. प्रेक्षक हंसले. आम्ही त्यास रंगपटांत सर्वांदेखत फार बोललों. तो कांहींच बोलला नाहीं. घरीं येऊन कागदावर रंगमंच काढून पाहिला तेव्हां कळलें कीं मुलगा बरोबर होता. दुसऱ्या दिवशीं त्याला तसें सांगावयास हवें होतें. आम्ही सांगितलें नाहीं. पुढल्या वर्षीं नाटकासाठीं त्यानें नांव दिलें नाहीं.

यंदा आम्ही ओसरीवर खडूनें रंगमंच आंखून दोन्हीं बाजूंस 'उजवी' व 'डावी' असें ठळक लिहिलें आहे, आणि समोर खुर्ची न मांडतां मुलांच्याच शेजारीं उभे राहतों.