लॅपटॉपचं आयुष्य आणि वाढीव वॉरंटीचा सौदा

संभाजीनगरातल्या कॅनॉट प्लेसच्या दुकानात लॅपटॉपचं बिल होता होता काउंटरपलीकडून हमखास विचारणा होते, "दोन वर्षं वॉरंटी वाढवून घेताय ना?" गिऱ्हाईक घुटमळतं. प्रश्न वरवर पैशांचा दिसतो, पण त्याच्या पोटात एक नवल दडलंय. तुमचा हा एक लॅपटॉप कधी बिघडेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. असे दहा हजार लॅपटॉप विकले, तर कोणत्या वर्षी साधारण किती दुरुस्तीला येतील, याचा अंदाज मात्र कंपनीकडे आधीच तयार असतो!

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीचं काम पाहणाऱ्याला विचारा, तो कागदावर काळानुसार बिघाडांच्या प्रमाणाची एक रेघ काढून दाखवेल. आधी उंच, मग झरझर खाली, बराच काळ सपाट, आणि शेवटी पुन्हा चढ. टब उभा कापल्यासारखा आकार, म्हणून नाव ‘बाथटब कर्व्ह’. पहिली उंची कच्चं सोल्डर आणि सदोष चिपांची. हे नग पहिल्या काही महिन्यांतच आडवे होतात. शेवटचा चढ झिजेचा. माणसांच्या मृत्यूदराची रेघही बरीचशी अशीच असते. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलेने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचं कोष्टक मांडलं. आयुर्विम्याच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते.

यंत्रांसाठी तेच काम केलं स्वीडनच्या वालोदी वायबुलने. १९५१ च्या त्याच्या निबंधात एकच सूत्र भलत्याच गोष्टींना लावून दाखवलंय: पोलादाची ताकद, राखेच्या कणांचा आकार, घेवड्याच्या दाण्याची रुंदी आणि चक्क भारतीय कापसाच्या तंतूची ताकद. आपल्या मराठवाड्यातल्या कपाशीवाल्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. लॅपटॉपमधल्या पंख्याचं बेअरिंग किती टिकेल, याचा हिशेबही आज याच सूत्राने मांडतात.

आता वाढीव वॉरंटी या रेघेवर कुठे बसते ते पाहा. पहिलं, धोक्याचं वर्ष कंपनीने किमतीतच धरलेलं असतं. आपल्याला विकली जातात ती दुसरी-तिसरी वर्षं, म्हणजे बहुतेक वेळा टबाचा सपाट तळ.

पण संभाजीनगरचा उन्हाळा हा तळ आखूड करतो. तापमानानुसार रासायनिक क्रियांचा वेग कसा बदलतो, याचं सूत्र आऱ्हेनियसने १८८९ मध्ये दिलं. त्यावरून अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा असा, की दहा अंश वाढले की वेग जवळपास दुप्पट. मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली. बॅटरी लवकर थकते, मदरबोर्डही तापून तापून कमजोर होतो. म्हणजे वॉरंटी घ्यायलाच हवी? थांबा. बॅटरीला बहुधा एकच वर्षाची हमी असते, वाढीव योजनेतही ती अनेकदा वगळलेली. चहा सांडला, हातातून पडला, स्क्रीन तडकली, तर साध्या वॉरंटीत काहीच मिळत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं कव्हर असतं.

हिशेब सोपा आहे. समजा, दोन वर्षांचे सहा हजार मागितले आणि मदरबोर्ड बदलायचा खर्च पंधरा हजार आहे. तर तो बोर्ड त्या दोन वर्षांत जाण्याची शक्यता शंभरात चाळीस असेल, तरच बरोबरी होते. सपाट तळावर एवढी शक्यता? मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या शहराने जवळून पाहिली आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे, घराघरांत ते नाव होतं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वॉरंटी हे वचन असतं, आणि देणारा टिकला तरच वचन टिकतं. वाढीव वॉरंटी तर पुष्कळदा लॅपटॉपची कंपनी देतच नाही, तिसरीच कुणी देते. कागदावर कुणाचं नाव आहे ते आधी वाचावं.

माझं मत विचाराल, तर स्वस्त-मध्यम लॅपटॉपला वाढीव वॉरंटी घेऊ नका. तेवढे पैसे बाजूला ठेवा आणि दर वर्षी उन्हाळ्याआधी पंखा साफ करून घ्या. होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला अपघाती कव्हर जरूर द्या. मशीन महागडं असेल, रॅम-एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असेल आणि त्यावर रोजीरोटी चालत असेल, तर मात्र खुद्द कंपनीची, घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी घ्या. घेतलेल्या वॉरंटीला कुणी टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बिल तेवढं जपून ठेवा.