सोळा तासांची विश्रांती म्हणजे सुट्टी नव्हे

कुर्डुवाडीला रेल्वेची नोकरी समजावून सांगायची गरज नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून इथल्या कित्येक घरांचं घड्याळ गाडीच्या वेळेवर चालतं. तरी इंजिन चालवणाऱ्यांच्या, म्हणजे लोको पायलटांच्या संसाराबद्दल काही समज गावात पक्के बसलेत.

त्यातला सगळ्यात चिवट म्हणजे, ‘ड्युटी केली की सोळा तास घरीच तर असतात!’ नियम खरा आहे. रेल्वेच्या २००५ च्या नियमांप्रमाणे सलग आठ तास किंवा जास्त ड्युटी झाली तर मुख्यालयी १६ तास विश्रांती मिळते, आठाच्या आत असेल तर १२. पण ती मिळते पुढची गाडी नीट चालावी म्हणून. मालगाडीवरून पहाटे चारला सुटलेल्या माणसाचे सोळा तास रात्री आठला संपतात. त्यातले सात-आठ झोपेत जातात, तेही भर दिवसा. खिडकीला जाड चादर लावलेली, कुकर उशिरा लागणार, पोरांना ‘हळू बोला रे’ हे चालूच. मग आंघोळ, जेवण, डबा भरणं, आणि कॉल येईल म्हणून मोबाइलवर एक डोळा. मेल-एक्स्प्रेसच्या पायलटला निदान लिंक, म्हणजे ड्युटीचं ठरलेलं वेळापत्रक असतं, भाचीच्या साखरपुड्याला येणार की नाही ते सांगता येतं. मालगाडीवाल्याला परवाचंही सांगता येत नाही. दमणूक एक वेळ झोपेने भरून निघते, पण घर विस्कटतं ते या बेभरवशामुळे.

दुसरा समज, बढती मिळाली की माणूस आपोआप साहेब होतो. असिस्टंट, मग मालगाडी, पॅसेंजर, मेल अशी पायरी अनुभवाने चढता येते. लोको इन्स्पेक्टरचं काम मात्र निराळं. पायलटसोबत इंजिनात बसून त्याचं काम तपासायचं, चुका दाखवायच्या, आणि गडी अलीकडे गप्प का, घरी कोणी आजारी आहे का, हेही काढून घ्यायचं. हे शिकावं लागतं. घरच्यांनाही शिकवलं जातं: कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी रेल्वे मेळावे घेते, तिथे पायलटला पुरेशी झोप मिळू द्या असं बायकांना सांगितलं जातं. चांगलं आहे. पण माझ्या मते हे निम्मंच काम झालं. ड्युटी लावणाऱ्यालाही एकदा समोर बसवून सांगायला हवं, की वेळेवर कळवलेली ड्युटी घराला किती सोपी जाते.

आणि तिसरा समज, ‘बाईचं हे काम नाही, घर कोण बघणार?’ १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला निघालेली वंदे भारत लोको पायलट सुरेखा यादव यांनी नेली. ही गाडी कुर्डुवाडीला थांबते. साताऱ्याच्या सुरेखाताई १९८० च्या दशकाच्या शेवटी असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, १९९६ मध्ये मालगाडीवर आल्या, ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली. पती पोलिसात, दोन मुलगे. म्हणजे घरात दोन्ही नोकऱ्या अवेळी बोलावणाऱ्या. पुरुष पायलटला ‘घर कोण बघतं’ असं कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. पुढे कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात त्या शिकवायला गेल्या आणि नवे पायलट त्यांच्यापुढे वही उघडून बसू लागले.